दिवसाचे शंभर डॉलर

न्यू जर्सीतल्या एडिसन-आयसेलिन भागात नातवंडांच्या पिवळ्या बस शाळेकडे गेल्या की आजी-आजोबांच्या व्हॅन निघतात. ड्रायव्हर दारापर्यंत येतो, वॉकर घडी करून मागे ठेवतो, पट्टा लावून देतो. व्हॅन एखाद्या बैठ्या इमारतीपाशी थांबते. आत नर्स रक्तदाब मोजते, साखर तपासते, दुपारच्या गोळ्या आपल्या हाताने देते. कुणाचा चालण्याचा सराव चाललेला असतो, कुणी पत्ते मांडतं, कुणी भजनाला बसतं. भारतीय वस्ती दाट असलेल्या या पट्ट्यात दुपारचं जेवणही आपल्याकडचंच मिळतं. गप्पा मुख्यतः गुजरातीत आणि हिंदीत. मराठी आजीला थोडं जुळवून घ्यावं लागतं, पण दिवसभर रिकाम्या घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा ते सोपं. दुपार कलली की सगळे आपापल्या घरी.

या व्यवस्थेला अमेरिकेत ‘ॲडल्ट डे हेल्थ केअर’ म्हणतात. न्यू जर्सीत ‘मेडिकल डे केअर’ हे नाव रुळलं आहे आणि आपली मंडळी नुसतं ‘डे केअर’ म्हणतात. ही केंद्रं दोन जातींची असतात. काही फक्त सोबतीची : जेवण, खेळ, गप्पा. दुसरी वैद्यकीय : तिथे नर्स असते, उपचारांची लेखी आखणी असते, डॉक्टरांशी संपर्क असतो आणि राज्याचा परवाना असतो. वृद्धाश्रम आणि एकाकी घर यांच्यामधली ही जागा. माणूस रात्री आपल्याच अंथरुणावर झोपतो आणि दिवसा त्याची काळजी दुसरं कुणीतरी घेतं.

फायदा एकट्या म्हाताऱ्या माणसाचा नसतो. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या घरच्यांचा अभ्यास केला. रोजच्या नोंदी घेतल्या, लाळेतली ताणाची संप्रेरकं मोजली. रुग्ण केंद्रात गेला त्या दिवशी घरच्यांच्या वाट्याला आलेला ताण कमी होता आणि त्याची खूण शरीरातही दिसत होती. सून नोकरीवर जाऊ शकते, मुलगा मीटिंगमध्ये असताना फोनकडे बघत नाही, आणि रात्री आईशी बोलताना आवाजात चिडचिड नसते.

प्रश्न एवढाच, की याचे पैसे कोण देतं?

केअरस्काउट आणि जेनवर्थ यांच्या २०२४च्या पाहणीत अशा केंद्राचा मध्यम दर दिवसाला १०० डॉलर निघाला. आठवड्याचे पाच दिवस धरले तर वर्षाचे २६ हजार. त्याच पाहणीत नर्सिंग होममधल्या दोघांच्या खोलीतल्या एका खाटेचा दर वर्षाला १ लाख ११ हजार डॉलरच्या पुढे आहे आणि घरी मदतनीस ठेवली तर ७७ हजारांच्या आसपास. म्हणजे दिवसाचं केंद्र सगळ्यांत स्वस्त. तरीही २६ हजार डॉलर ही मध्यमवर्गीय घराच्या गळ्याशी येणारी रक्कम आहे. एडिसनच्या त्या व्हॅनमध्ये बसलेल्यांपैकी बहुतेकांचे पैसे घरातून जात नाहीत, सरकारकडून येतात. देशभरात या केंद्रांत जाणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांचा खर्च ‘मेडिकेड’ उचलतं. हे मेडिकेड कुणाला मिळतं, कधी मिळतं आणि कशाच्या बदल्यात मिळतं, हे समजून घेतल्याशिवाय ‘आईबाबा, आता कायमचे इकडेच या’ हे वाक्य उच्चारू नये, असं माझं मत झालं आहे.

एका कायद्याची दोन अपत्यं

३० जुलै १९६५ रोजी मिसूरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका कायद्यावर सही केली. शेजारी माजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन बसले होते. त्या एका सहीतून मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन योजना जन्मल्या. नावं सख्ख्या भावंडांसारखी, स्वभाव मात्र पूर्ण वेगळे, आणि आपल्याकडचे गोंधळ इथूनच सुरू होतात.

मेडिकेअर हा वय झालेल्यांचा आरोग्यविमा आहे. नोकरीच्या काळात पगारातून कर कापला गेला, पासष्टी गाठली, की तो मिळतो. श्रीमंत-गरीब असा भेद त्यात नाही. पण त्याची दृष्टी आजार बरा करण्यापुरती आहे. हृदयाची शस्त्रक्रिया करील, खुब्याचं हाड बसवील, त्यानंतर काही दिवस फिजिओथेरपीही देईल. ज्या म्हातारपणाला बरं करता येत नाही, नुसतं सांभाळावं लागतं, त्याचे पैसे मूळ मेडिकेअर देत नाही. दिवसाच्या केंद्राचेही देत नाही. खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या ‘मेडिकेअर ॲडव्हान्टेज’च्या काही योजनांना २०१९पासून असा लाभ जोडायची मुभा मिळाली आहे, पण ती कंपनीची मर्जी. त्यावर म्हातारपणाची आखणी करता येत नाही.

मेडिकेड गरिबांसाठी. पैसे केंद्र सरकार आणि राज्य मिळून देतात, चौकट केंद्र सरकारची आणि तपशील राज्याचे. त्यामुळे पन्नास राज्यांत पन्नास तऱ्हा : कॅलिफोर्नियात त्याचं नाव मेडि-कॅल, न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर. मेडिकेडच्या कायद्यात नर्सिंग होमचा खर्च देणं राज्यांना बंधनकारक झालं. घरी किंवा दिवसाच्या केंद्रात मिळणारी बहुतेक सेवा मात्र ऐच्छिक राहिली. सरकार खाटेचे पैसे द्यायला तयार होतं, खुर्चीचे नव्हतं. म्हणून ज्यांना दिवसाच्या चार-पाच तासांची मदत पुरली असती, तेही लोक चोवीस तासांच्या खाटेवर जाऊन पडले. पैसा ज्या दाराने येतो त्या दाराशी माणूस नेला जातो. पुढच्या पन्नास वर्षांचा इतिहास हे दार हलवण्याच्या धडपडीचा आहे.

चायनाटाउनमधला दंतवैद्य

या धडपडीतलं सर्वांत मोठं पाऊल एका स्थलांतरित वस्तीने उचललं, हे आपल्यासाठी विशेष.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये १९७०च्या सुमाराला म्हाताऱ्यांची संख्या वाढत होती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, दूरच्या नर्सिंग होममधलं जेवण घशाखाली उतरत नव्हतं, आणि आईबापांना तिथे नेऊन टाकणं घरच्यांच्या मनाला पटत नव्हतं. सार्वजनिक आरोग्य खात्यात काम करणारे विल्यम गी नावाचे दंतवैद्य आणि मूळच्या स्वित्झर्लंडच्या समाजसेविका मारी-लुइझ अँसाक यांनी आधी वस्तीतच नर्सिंग होम काढता येईल का, हे पाहिलं. खर्च परवडणारा नव्हता, आणि वस्तीच्या रीतीभातीशीही ते जुळत नव्हतं. मग नजर गेली ब्रिटनकडे. ऑक्सफर्डच्या काउली रोड रुग्णालयात लायोनेल कोसिन यांनी वृद्धांसाठी ‘डे हॉस्पिटल’ उभं केलं होतं : सकाळी आणायचं, दिवसभर उपचार करायचे, संध्याकाळी घरी पाठवायचं. त्याच धर्तीवर १९७३मध्ये ‘ऑन लोक’ या संस्थेचं दिवसाचं आरोग्यकेंद्र सुरू झालं. अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या अशा केंद्रांपैकी हे एक. पुढच्याच वर्षी त्याला मेडिकेडचे पैसे मिळू लागले.

ऑन लोक तिथेच थांबलं नाही. डॉक्टर, औषधं, वाहन, रुग्णालय, सगळं एकाच संस्थेने पाहायचं आणि सरकारने माणशी ठरावीक मासिक रक्कम द्यायची, असा प्रयोग त्यांनी केला. कमी पैशांत माणसं घरी राहिली. १९९७च्या केंद्रीय कायद्याने या प्रयोगाला कायमचं रूप दिलं. त्याला आज ‘पेस’ म्हणतात. वय किमान ५५, नर्सिंग होमला पात्र ठरावी इतकी गरज आणि त्या संस्थेच्या सेवाक्षेत्रात घर, या प्रमुख अटी. मेडिकेअर आणि मेडिकेड दोन्ही असलेल्याला त्यात मासिक हप्ता भरावा लागत नाही. मेडिकेअरचे पैसे दिवसाच्या केंद्रापर्यंत पोचण्याची ही एक सरळ वाट आहे, पण ज्याच्याकडे नुसतं मेडिकेअर आहे त्याला मेडिकेडचा वाटा स्वतः भरावा लागतो.

दुसरं मोठं पाऊल १९८१चं. आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सची केटी बेकेट ही लहानगी मेंदूज्वरानंतर कृत्रिम श्वासावर होती. घरी नेता येईल असं डॉक्टर म्हणत होते, पण मेडिकेडचा नियम असा की रुग्णालयात असेल तरच पैसे मिळणार. घरचा खर्च कितीतरी कमी असूनही सरकार जास्त पैसे देऊन मुलीला रुग्णालयात ठेवत होतं. अध्यक्ष रेगन यांनी त्या नोव्हेंबरच्या पत्रकार परिषदेत या वेडेपणावर बोट ठेवलं आणि तिच्यासाठी नियमाला अपवाद केला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्याने राज्यांना एक सवलत दिली होती : संस्थेत भरती होण्याच्या अवस्थेतल्या माणसाला मेडिकेडच्या पैशांतून घरी किंवा वस्तीतच सेवा द्या. या सवलतीला ‘वेव्हर’ म्हणतात. आज अनेक राज्यांत दिवसाच्या केंद्राचे पैसे वेव्हरमधूनच येतात.

तिसरं पाऊल न्यायालयाचं. जॉर्जियातल्या लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोघींना डॉक्टरांनी बाहेर राहण्यास योग्य ठरवूनही राज्याने रुग्णालयात अडकवून ठेवलं होतं. २२ जून १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेला : कारण नसताना माणसाला संस्थेत कोंडून ठेवणं हा अपंगत्वावरून केलेला भेदभाव आहे. ‘ओल्मस्टेड निकाल’ म्हणून तो ओळखला जातो. या सगळ्याचा परिणाम दिसायला २०१३ उजाडलं. त्या वर्षी मेडिकेडच्या दीर्घकालीन शुश्रूषेच्या खर्चात घर-वस्तीतल्या सेवांचा वाटा पहिल्यांदा निम्म्यावर गेला.

गरज, गरिबी आणि कागद

आता अटी. राज्यागणिक फरक असला तरी सांगाडा सारखा आहे.

पहिली अट गरजेची. आंघोळ, कपडे, चालणं, जेवण, शौच, अंथरुणातून उठणं या रोजच्या क्रियांपैकी किती गोष्टींना मदत लागते, हे नर्स येऊन तपासते. वेव्हरमधून पैसे हवे असतील तर बहुधा ‘हा माणूस नर्सिंग होमला पात्र आहे’ असा शेरा लागतो. घरी करमत नाही, एकटं वाटतं, हे कारण पुरत नाही. आपल्याकडची म्हातारी माणसं इथे स्वतःचंच नुकसान करून घेतात. परक्या बाईसमोर ‘माझं सगळं मी करते’ असं ताठ मानेने सांगायची आपली रीत. तपासणीच्या दिवशी घरातलं कुणी शेजारी हवं, ते याचसाठी.

दुसरी अट गरिबीची. बहुतेक राज्यांत वेव्हरसाठी एका माणसाच्या उत्पन्नाची मर्यादा २०२५ साली महिन्याला २,९०१ डॉलर होती. बचतीची मर्यादा अनेक राज्यांत फक्त २,००० डॉलर आहे. राहतं घर ठरावीक मर्यादेपर्यंत त्यात धरत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२४मध्ये मालमत्तेची अट काढून टाकली आणि २०२६पासून १ लाख ३० हजार डॉलरची मर्यादा पुन्हा आणली, यावरून हे नियम किती हलते आहेत ते कळावं.

इथे पुण्या-ठाण्याचा फ्लॅट आडवा येतो. अर्जात जगात कुठेही असलेली मालमत्ता दाखवावी लागते. सहकारी बँकेतल्या ठेवी, पोस्टातली योजना, गावचा हिस्सा, सगळं. अर्जदार ज्या घरात राहत नाही, ते घर राहतं घर म्हणून सुटत नाही. ‘मग मुलीच्या नावे बक्षीसपत्र करून टाकू’ हा आपल्याकडचा हमखास उपाय. त्यावरही नियम आहे. वेव्हर आणि नर्सिंग होमच्या अर्जात साधारणपणे मागची पाच वर्षं तपासतात आणि योग्य मोबदल्याशिवाय दिलेल्या मालमत्तेबद्दल काही काळ लाभ अडवतात. लपवणं हा गुन्हा आहे. आणि मिळालेलं सगळं फुकट असतं असंही नाही. पंचावन्न वर्षांनंतर अशा शुश्रूषेवर झालेला खर्च माणूस गेल्यावर त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल करण्याचा प्रयत्न करणं १९९३च्या कायद्याने राज्यांना बंधनकारक आहे.

तिसरी अट कागदाची, म्हणजे देशात कोणत्या दर्जाने राहता याची. आपली कुटुंबं सगळ्यांत जास्त इथे अडकतात.

‘पाच वर्षं झाली की मिळतं’

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेचा नागरिक असेल आणि वय एकवीसच्या वर असेल, तरच आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळू शकतं. एच-वन व्हिसावरच्या किंवा नुसतं ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला ते करता येत नाही. पाहुण्यांच्या व्हिसावर सहा महिने आलेल्या आईवडिलांचा मेडिकेडशी संबंधच येत नाही.

ग्रीन कार्ड आलं, तरी २२ ऑगस्ट १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेला कायदा आडवा येतो. नव्या स्थलांतरितांना पहिली पाच वर्षं केंद्र सरकारच्या पैशांतलं मेडिकेड नाही. न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांनी यातून वाट काढली आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये निकाल दिल्यापासून कायदेशीर स्थलांतरितांना राज्य स्वतःच्या पैशांतून लाभ देतं. पण हडसन नदीच्या न्यूयॉर्कच्या तीराचा नियम न्यू जर्सीच्या तीराला लागू नाही.

‘पाच वर्षं झाली की मिळतं’ हे वाक्य तिथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक जेवणावळीत ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. आईवडिलांना आणताना मुलाने एका प्रतिज्ञापत्रावर सही केलेली असते : दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के पातळीवर यांचा सांभाळ मी करीन. हे बंधन पाच वर्षांनी आपोआप सुटत नाही. आईवडील नागरिक होईपर्यंत, किंवा कामाच्या चाळीस तिमाही पुऱ्या होईपर्यंत, किंवा त्यांनी देश कायमचा सोडेपर्यंत किंवा त्यांचं निधन होईपर्यंत हे बंधन टिकतं. आणि तोवर मेडिकेडचा अर्ज तपासताना जामीन राहिलेल्या मुलाचं उत्पन्न आईवडिलांचंच समजण्याची तरतूद कायद्यात आहे. सॉफ्टवेअर कंपनीतल्या मुलाचा पगार धरला, की आई गरीब ठरत नाही. म्हणून व्यवहारात बहुतेकांना नागरिकत्वाची वाट पाहावी लागते. म्हणजे मुलाखत, परीक्षा आणि भारतीय पासपोर्टचा त्याग. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ‘मी आता भारतीय नागरिक नाही’ या सहीचं काय वाटतं, ते कुठल्या अर्जात विचारत नाहीत.

मग मेडिकेअर तरी? पासष्टी गाठलेल्या आणि अमेरिकेत सलग पाच वर्षं राहिलेल्या ग्रीन कार्डधारकाला ते विकत घेता येतं. स्वतःची किंवा जोडीदाराची दहा वर्षांच्या कामाची नोंद नसेल तर २०२५च्या दराने रुग्णालयाच्या भागासाठी महिन्याला ५१८ डॉलरपर्यंत आणि डॉक्टरांच्या भागासाठी १८५ डॉलर. आईवडील दोघांचे मिळून महिन्याला १,४०६. इतकं भरूनही दिवसाचं केंद्र त्यात नाही ते नाहीच.

हिशेब मांडून पाहू. समजा, बहात्तराव्या वर्षी आई ग्रीन कार्डावर आली. तिसऱ्या वर्षी विसरभोळेपणा वाढला, गॅस तसाच राहू लागला, एकटीला घरी ठेवणं धोक्याचं झालं. नागरिकत्वाला अजून दोन-तीन वर्षं. तोवर आठवड्याचे पाच दिवस केंद्र म्हणजे वर्षाला २६ हजार डॉलर, आणि ते करानंतर हातात उरलेल्या पैशांतून. तीन वर्षांचे ७८ हजार. एवढे नसतील तर सुनेची किंवा मुलीची नोकरी सुटते. आपल्या कुटुंबांत ती बहुधा बाईचीच सुटते.

आणखी एक भीती असते : सरकारी मदत घेतली तर पुढे ग्रीन कार्ड अडेल का? ‘सरकारवर भार’ ठरवण्याचा हा नियम सरकारागणिक हेलकावे खातो. पहिल्या ट्रम्प सरकारच्या २०१९च्या नियमात मेडिकेडही मोजलं जात होतं. बायडेन सरकारच्या २०२२च्या नियमाने रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणं एवढंच मोजायचं ठरवलं, घर-वस्तीतल्या सेवा वगळल्या. पुढे तो पुन्हा फिरू शकतो. यात शेजाऱ्याचा सल्ला चालत नाही, वकिलाचाच घ्यावा.

इतर खिसे

मेडिकेडखेरीज सरकारचे आणखी काही खिसे आहेत, त्यांतले काही आपल्या उपयोगाचे.

सैन्यातून निवृत्त झालेल्यांना सगळ्यांत सुलभ. त्यांच्या आरोग्ययोजनेच्या मूळ लाभांतच दिवसाचं केंद्र आहे. गरज सिद्ध झाली की वर्षातले पहिले एकवीस दिवस विनाशुल्क, पुढे परिस्थितीनुसार दिवसाला जास्तीत जास्त १५ डॉलर. राष्ट्र ज्यांचं ऋण मानतं त्यांना ते गरिबीची अट न घालता देतं, बाकीच्यांना आधी गरिबी सिद्ध करायला लावतं.

१४ जुलै १९६५चा ‘ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट’ हा दुसरा. साठीच्या वरच्यांसाठी असलेल्या त्याच्या सेवांना उत्पन्नाची चाचणी नाही. २०००मध्ये त्यात घरी सांभाळणाऱ्यांसाठीचा कार्यक्रम जोडला गेला. त्यातून सांभाळणाऱ्याला उसंत मिळावी म्हणून केंद्राचे काही दिवस मिळू शकतात. रक्कम थोडी, रांग मोठी, पण विचारायला हरकत नाही. प्रत्येक भागात ‘एरिया एजन्सी ऑन एजिंग’ नावाचं कार्यालय असतं, तिथे चौकशी होते.

तिसरा खिसा केंद्राच्या स्वयंपाकघरात उघडतो. लहान मुलांच्या पाळणाघरांना जेवणासाठी कृषी खात्याकडून मिळणारं अनुदान १९८७पासून प्रौढांच्या केंद्रांनाही मिळतं.

चौथा कराचा. स्वतःला सांभाळू न शकणारे आईवडील अर्ध्याहून जास्त वर्ष तुमच्याच घरी राहत असतील आणि तुमच्यावर अवलंबून असतील, तर एका माणसामागे केंद्राच्या खर्चातल्या ३,००० डॉलरपर्यंतच्या रकमेवर करात सूट मिळते. चांगला पगार असेल तर ती २० टक्के, म्हणजे ६०० डॉलर. वर्षाच्या २६ हजारांपुढे सहाशे.

दिलेलं परत घेता येतं

हे पैसे कायमचे आहेत असं कुणी मानू नये. कॅलिफोर्नियाने १९७७च्या कायद्याने ही सेवा मेडि-कॅलमध्ये आणली आणि देशापुढे उदाहरण घातलं. २०११मध्ये तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा विधिमंडळाने तोच लाभ रद्द केला. सुमारे ३५ हजार माणसं त्यावर अवलंबून होती. एस्टर डार्लिंग या वृद्धेच्या नावाने खटला उभा राहिला, तडजोड झाली आणि १ एप्रिल २०१२पासून तीच सेवा नव्या नावाने, पात्रतेचे नियम कडक करून सुरू राहिली. ऐच्छिक लाभ आणि बंधनकारक लाभ यांतला फरक कागदावर एका शब्दाचा असतो. तंगी आली की तो कळतो : नर्सिंग होमला हात लावता येत नाही, म्हणून कात्री दिवसाच्या केंद्राकडे वळते.

४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने मेडिकेडवरचा केंद्र सरकारचा खर्च येत्या दहा वर्षांत मोठ्या प्रमाणावर घटणार आहे. ग्रीन कार्डधारकांची पात्रता त्या कायद्याने काढलेली नाही, पण राज्यांच्या हाती पैसा कमी आला की ऐच्छिक सेवांवरच ताण येतो. वेव्हरच्या प्रतीक्षायादीत २०२४मध्येच देशभरात सात लाखांहून अधिक नावं होती.

कात्रीला निमित्त पुरवणारेही आहेत. माणूस न येता त्याची हजेरी लावायची, धडधाकट लोकांना रोख रक्कम देऊन नावनोंदणी करायची, असे प्रकार न्यूयॉर्कमध्ये उघडकीस आले. ब्रुकलिनमधल्या दोन केंद्रांच्या प्रकरणात केंद्रीय वकिलांनी ६ कोटी ८० लाख डॉलरच्या फसवणुकीचा आरोप ठेवला. आपल्या वस्तीत कुणी ‘नुसती सही करा, पैसे आम्ही देतो’ म्हणालं, तर ती सही घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गुन्ह्यात गोवते. आणि खऱ्या गरजवंताच्या तपासणीत त्यापायी आणखी एक जाच वाढतो.

आणि इकडे?

हे वाचून कुणी म्हणेल, त्यापेक्षा आपला देश बरा. बरा आहेच, पण या एका बाबतीत नाही. सत्तरीच्या वरच्या प्रत्येकाला उत्पन्न न विचारता आयुष्मान भारतचं कवच ऑक्टोबर २०२४पासून मिळालं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. महाराष्ट्राची श्रावणबाळ योजना गरीब वृद्धांना महिन्याला १,५०० रुपये देते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी एकदाच ३,००० मिळतात. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेतून वृद्धाश्रमांना आणि फिरत्या दवाखान्यांना अनुदान जातं. पुण्यात महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, तिथे वर्तमानपत्र असतं, कॅरम असतो. मात्र स्मृतिभ्रंश झालेल्या आईला सकाळी घरून घेऊन जाईल, दिवसभर नर्सच्या नजरेखाली ठेवील आणि त्याचा दिवसाचा दर सरकार भरील, अशी योजना महाराष्ट्रात नाही. अमेरिकेने १९६५मध्ये केलेली चूकच आपण करतो आहोत : खाटेला पैसे, खुर्चीला नाहीत. विरंगुळा केंद्राच्या तयार जागेत एक परिचारिका, एक फिजिओथेरपिस्ट आणि एक गाडी जोडली आणि माणशी दिवसाचं अनुदान ठरवलं, तर सुरुवात होते. चायनाटाउनने सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडेही याहून फार काही नव्हतं.

तिकीट काढण्याआधी

ज्यांची मुलं तिकडे आहेत आणि ज्यांना ‘कायमचे या’ असं बोलावणं आलं आहे, त्यांनी चार गोष्टी कागदावर मांडून घ्याव्यात. कोणत्या राज्यात राहणार आणि त्या राज्यात पहिल्या पाच वर्षांत काय मिळतं. नागरिकत्व घ्यायची मनाची तयारी आहे का. इकडच्या फ्लॅटचं आणि ठेवींचं काय करायचं. ते अर्ज करण्याच्या आदल्या महिन्यात नव्हे, आधीच, आणि जाणकार वकिलाला विचारून. आणि लाभ मिळेपर्यंतच्या वर्षांत दिवसाला शंभर डॉलर कुणाच्या खात्यातून जाणार, आणि ते नसतील तर कुणाची नोकरी सुटणार. शेवटचा प्रश्न मुलाला एकट्याला विचारू नये, सूनही समोर असावी.

मुलांनाही एक सांगणं. केंद्र निवडताना आधी राज्याचा परवाना पाहा, नर्स किती वेळ हजर असते ते विचारा, आणि मेडिकेडचे पैसे बंद झाले तर काय दर लावाल, हे लिहून घ्या. आईवडील ठणठणीत असतानाच एकदा त्यांना घेऊन तिथे जाऊन या. गरज पडल्यावर निवड उरत नाही.

अमेरिकेचं सरकार म्हाताऱ्या माणसाच्या दिवसाचे पैसे देतं, हे खरं आहे. पण तो माणूस पुरेसा आजारी, पुरेसा गरीब आणि पुरेसा जुना रहिवासी असावा लागतो. या तीन अटींच्या बाहेर असलेल्या प्रत्येकाचे पैसे घरालाच भरावे लागतात. हे ज्या घराला आधी माहीत असतं, ते वाट काढतं. म्हणून हा हिशेब आईबाबांशी याच दिवाळीत करा, बॅगा भरायच्या आधी.